बाई, तुमच्या नावाने साग

बाई, तुम्ही गेल्यावर कितीतरी दिवस मला एकदाही नीट रडता आलं नाही. डोळे भरून येतात न येतात, तोवर समोर असं काहीतरी यायचं की रडण्याऐवजी ओकारी यायची.

पहिल्यांदा हे झालं तुमच्या कॉलेजच्या फाटकापाशी. तुम्हाला सिंदेवाहीला शेवटचं पोचवून आलो त्याला आठ दिवस झाले होते. एटापल्लीला बसमधून उतरलो, तर फाटकावर भलामोठा फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात तुमचा ओळखपत्रावरचा फोटो, कुणावर तरी चिडल्यासारखा. उजवीकडे हात जोडलेले संस्थेचे अध्यक्ष, तुमच्या तिप्पट आकाराचे. आणि मध्ये एक जांभळं, मेण लावल्यासारखं चकचकीत फूल. नागपूरच्या मोठ्या हॉटेलात पैसे भरायच्या टेबलावर काचेच्या बरणीत ठेवलेलं असतं ना, तसलं. खाली लिहिलं होतं : ‘स्वर्गीय विशाखा मॅडम स्मृतिवन, कोसमटोला. एक झाड मॅडमच्या नावाने.’

तुमचं घर बौद्ध, तिथे कालकथित लिहितात, स्वर्ग तुमच्यात कुणी मानत नाही, हे एटापल्लीतल्या पानठेलेवाल्यालाही ठाऊक आहे. तुमचे भाऊ मिलिंद यांनी सिंदेवाहीहून फोन करून तेवढं बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ‘स्वर्गीय’वर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं ‘कै.’. कैलासवासी! मी तिथे उभा राहून तो कागद पाहत होतो. तुम्ही असतात तर पर्समधलं लाल पेन काढून फाटकावरच पेपर तपासला असता.

पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट पानठेल्यावर कळली. झाडं सागाची होती. आणि जागा म्हणजे तुमचं कुरण. त्यातलाही खालचा, ओला पट्टा. ज्या एका पट्ट्यात तुम्ही इतकी वर्षं जपलेलं फूल अजून येतं, तिथे तुमची आठवण म्हणून साग लावणार होते. मी पानठेल्याच्या मागे गेलो आणि सकाळचा चहा ओकलो.

*

तुमची-माझी पहिली भेट तुम्ही सगळ्यांना हसत सांगायच्या. आज मी सांगतो, कारण माझ्या बाजूने ती कुणी ऐकलेली नाही.

कोसमटोल्याचं जंगल माझ्याकडे आलं होतं, मी नवा नवा वनपाल. पावसाळ्यातली सकाळ. मोटारसायकल रस्त्यावर लावून कुरणात शिरलो, तर गवतात एक बाई पालथी पडलेली. बाजूला उघडी छत्री. हात पसरलेले, मान कलती. मला वाटलं साप डसला.

“बाई! अवो बाई, काय झालं?”

“तिथंच थांबा.” तुम्ही मानसुद्धा उचलली नाही. “डावा पाय उचला. मांगं ठेवा. मांगं! आंधळे आहा का जी?”

खाकी घातल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. पण पाय उचलला, मागे ठेवला. माझ्या बुटाच्या टोकापासून चार बोटांवर एक हिरवट दांडा उभा होता. त्यावर सहा-सात फुलं, फिकट पिवळी, आणि प्रत्येकाच्या आतल्या ओठासारख्या पाकळीवर जांभळट लाल रेघा. कुणीतरी बारीक निबाने बसून ओढल्यासारख्या. दांड्याच्या बाजूने दोन पानं, तीही गवतासारखीच.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“जंगल तुमचं. तुमीच सांगा.”

“गवत.”

“गवत म्हणते!” तुम्ही उठून बसलात, ढोपरं झाडली आणि हसलात. मग त्या चिखलात बसून अर्धा तास तुम्ही मला शिकवलंत. हे ऑर्किड आहे, आपल्यात आमरी म्हणतात. झाडावर वाढणाऱ्या आमऱ्या सगळ्यांना दिसतात, ही जमिनीत राहते. खाली कंद असतो. पावसाळ्यात थोडे दिवस वर येते, फुलते आणि पुन्हा जमिनीत. एखादं वर्ष येतसुद्धा नाही, तेव्हा लोक म्हणतात संपली. हिचं बी धुळीइतकं बारीक, त्यात पिलासाठी शिदोरीच नसते. मातीतल्या एका बुरशीने भरवलं तरच ते रुजतं, आणि ती बुरशी असते या कधी न नांगरलेल्या, उन्हातल्या मातीत.

“म्हणजे कुंडीत लावली तं?” मी विचारलं.

“मरन. दुसरीकडं नेली तं मरन. नुसतं फूल वाचवता येत नाई, भाऊ. वाचवायचं तं हे सारं कुरणच वाचवा लागते.”

आणि मग म्हणालात, “हे मी नाई शोधलं बरं. जानोनं दाखवलं मले.”

जानोबाई कोसमटोल्याची. छपरासाठी गवत कापायला कुरणात यायची. तिच्या लहानपणापासून ती याला गवतातला कांदा म्हणायची, आणि ढोराला मुका मार लागला की कंद ठेचून बांधायची. पुढे तुम्ही जिथे जिथे बोललात तिथे पहिलं वाक्य हेच असायचं : जानो कुमरे हिने दाखवलं. नागपूरला एकदा मी तुमच्यासोबत आलो होतो. एका मोठ्या प्राध्यापकांनी हसून विचारलं, ‘त्या कोण, तुमच्या मदतनीस का?’ तुम्ही म्हणालात, ‘नाही सर, मी त्यांची.’ मला तेव्हा वाटलं होतं तुम्ही उगीच ताणता. आता वाटतं, अशी माणसं मोजायला बसलो तर एका हाताची बोटं उरतील.

*

दोन वर्षांनी रोपवनाचा, म्हणजे कुरणात साग लावायचा, आदेश आला.

आमच्या कागदात कुरण नावाची जागाच नसते, बाई. दाट जंगल असतं, विरळ जंगल असतं आणि मग रिक्त. जिथे झाड नाही ते रिक्त. तिथे गवताचे वीस प्रकार असोत, टिटवीची अंडी असोत, तुमचं फूल असो. रिक्त दिसलं की भरायचं. तुम्हाला कुठूनतरी कळलं आणि तुम्ही आलापल्लीला माझ्या क्वार्टरवर आलात. मी जेवत होतो. माझ्या बायकोने चहा केला, तो तुमच्या समोर निवत राहिला.

“रिक्त कोणी लिवलं?”

“मी नाई लिवलं. आधीपासूनच आहे ते.”

“मंग खोडा.”

“माह्या हातात नाई, बाई. मी नोकर माणूस आहो.”

“दोरी कोण धरणार आहे? खड्डे कोण आखून देणार आहे? ते तं तुमच्याच हातात आहे ना?”

तुम्ही उठलात आणि दारातून म्हणालात, “तुमच्या आजानं ढोरं चारली त्या गवतात. तुमाले बी ते रिकामंच दिसते का, मडावीभाऊ?”

मला राग आला होता. माझ्या आदिवासी असण्याचं, माझ्या आजाचं काढायची काय गरज होती? ते तुम्हाला कधी बोललो नाही, आज बोलतो. तो घाव खोल गेला. कारण तो खरा होता.

आणि तरी मी साग लावले. वरचा सगळा उतार, मीच उभा राहून, दोरी धरून, ओळीने. वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बाजारात दिसलात की रस्ता बदलायच्या. सागाची पानं ताटाएवढी होतात, खाली ऊन पोचत नाही. वरच्या उतारावर पहिल्या पावसाळ्यात तुमचे काही दांडे आले, दुसऱ्या पावसाळ्यात एक आला, पुढे काही आलं नाही. तो शेवटचा दांडा मी पाहिला होता. फूल न उमलताच वाळला. माझ्या नोंदवहीत मी त्या वर्षी लिहिलं, ‘रोपवनाची स्थिती उत्तम.’

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नाही.

वर्षभराने तुम्ही कुरणावर गेलात तेव्हा खालचा ओला पट्टा तसाच होता. तिथे खड्डे नव्हते आणि तुमची फुलं होती. तुम्ही तडक माझ्याकडे आलात.

“खालचा पट्टा काऊन सोडला?”

मी म्हणालो, “तुमच्यासाठी, बाई. साहेबाशी भांडलो.”

मी कुणाशीही भांडलो नव्हतो. खालच्या पट्ट्यात पावसाळाभर घोटाभर पाणी उभं राहतं, आणि सागाच्या मुळांना उभं पाणी चालत नाही. साहेब स्वतःच म्हणाले होते, तिथे लावू नको, रोपं मरतील आणि जिवंत रोपांचा आकडा खाली येईल. इतकंच. तुमचं फूल वाचलं ते साहेबांना कागदावर मेलेली रोपं नको होती म्हणून.

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. बरं वाटत होतं ना!

मग दर पावसाळ्यात तुम्ही पोरींना घेऊन कुरणावर यायच्या आणि मला बोलवायच्या. “हे मडावीभाऊ. यायनं हे वाचवलं.” पोरी वाकून नमस्कार करायच्या. कॉलेजच्या कार्यक्रमात तुम्ही मला शाल दिलीत. मी ती घेतली, बाई. माईकवरून दोन शब्द बोललो. निसर्गाचं ऋण वगैरे. ते शब्द आठवले की आजही तोंड कडू होतं. दुसऱ्यांची किळस सोपी असते. स्वतःच्या किळसेपासून कुठे पळणार?

एवढं मात्र झालं. त्या शालीनंतर मला कुरणाकडे दुर्लक्ष करता येईना. ठेकेदाराला बांबूचे ढीग कुरणात लावायचे होते, मी लावू दिले नाहीत. कंद विकत घेणारा एक माणूस गावात फिरत होता, त्याला मी एटापल्लीपर्यंत हाकलून आलो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी वर एक पत्र पाठवलं, त्यात पहिल्यांदा ‘कुरण’ हा शब्द लिहिला. उत्तर आलं नाही. हे सगळं मी प्रेमापोटी केलं असं तुम्ही समजत होतात. मी लाजेपोटी करत होतो.

*

सिंदेवाहीला तुमच्या घरी पुण्यानुमोदन झालं ते साधं होतं. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, मिलिंदभाऊंनी तुमच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली आणि सगळे जेवले. तिथे मला थोडं रडू आलं होतं.

मग कॉलेजात आदरांजली सभा. मी नको म्हणत होतो, तरी गेलो. मंडपात टेबलावर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोच्या समोर मांडलेल्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. मागून समोशांच्या जळक्या तेलाचा वास. अध्यक्ष बोलायला उठले. ज्या माणसाने तुम्हाला कार्यालयात सगळ्यांसमोर ‘गवतवाली बाई’ म्हटलं होतं, पोरींना कुरणावर न्यायला गाडी मागितली तर ‘चारा आणायला जाताय का’ म्हणून विचारलं होतं, तो माणूस रुमाल काढून डोळ्यांना लावत होता. कोरडे डोळे होते, मी पुढच्याच रांगेत होतो.

“मॅडमचं झाडांवर अतोनात प्रेम होतं,” ते म्हणाले. “म्हणून आम्ही ठरवलं आहे, कोसमटोल्याच्या त्या पडीक, उजाड जागेवर हिरवंगार स्मृतिवन उभं करायचं. पाणी साचतं म्हणून ती जागा आजवर वाया गेली. आम्ही चर खोदून पाणी काढतो आहोत. काम सुरूसुद्धा झालं!”

टाळ्या. तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं टाळ्या वाजवत होती, बाई.

मी उठलो. माईक मागितला.

“मी मडावी. वनपाल होतो. बाई सांगत की मी कुरण वाचवलं. ते खोटं आहे. मी कुरण वाचवलं नाही. वरचा अर्धा भाग मीच मारला. खालचा वाचला तो फक्त तिथे पाणी उभं राहतं म्हणून. तुम्ही ते पाणी काढून राह्यले. बाईंचं फूल त्या पाण्यावर...”

एवढ्यात सूत्रसंचालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अलगद माईक काढून घेतला. “किती हा विनय!” तो म्हणाला. “केलेल्या कामाचं श्रेयसुद्धा नको. अशी माणसं होती म्हणून मॅडम घडल्या. मडावी साहेबांसाठी जोरदार टाळ्या!”

आणि टाळ्या झाल्या. आयुष्यात एकदाच खरं बोललो आणि त्याला टाळ्या मिळाल्या. कुणीतरी माझ्या हातात समोसा ठेवला. मी तो तुमच्या फोटोसमोरच्या टेबलावर ठेवून बाहेर पडलो.

*

तिथून तसाच कोसमटोल्याला गेलो. पाऊस भुरभुरत होता. खालच्या पट्ट्याच्या कडेने यंत्राने चर खणायला घेतला होता. दोनशे पावलं तरी झाला असेल. त्यातून तपकिरी पाणी नाल्याकडे वाहत होतं, आणि पट्ट्यावरचं गवत कडेकडेने उघडं पडलं होतं. खणलेली माती गवतावर ढिगाने टाकलेली. त्या मातीत मला दोन कंद दिसले. पांढरट, तुटलेले, फावड्याने कापल्यासारखे. एकाला दांड्याचा हिरवा कोंब होता. मी ते हातात घेऊन उभा राहिलो. कुठे लावू? तुम्हीच सांगितलं होतं, दुसरीकडे नेले तर मरतात.

जानोबाई ढोरं घेऊन आली. केस पिकलेत तिचे, पण चालणं तेच.

“जोहार, दादा.”

“जोहार. हे काय होऊन राह्यलं, बाई? गावानं काऊन करू दिलं?”

“ग्रामपंचायतीच्या सचिवाची सही घेऊन गेले म्हणते. बाईच्या नावाचं काम आहे म्हणाले. बाईच्या नावाले नाई कोण म्हणन?” ती खणलेल्या मातीकडे बघत राहिली. “मले वाटलं, बाईनंच सांगून ठेवलं असन काई.”

तुमचं नाव घेऊन तुमचंच कुरण खणत होते आणि लोक तुमच्या मानाखातर गप्प होते. यापेक्षा घाणेरडं काही मी नोकरीतसुद्धा पाहिलं नाही, आणि मी पुष्कळ पाहिलं आहे.

मी जानोबाईला विचारलं, “सभा झाली होती का?”

“कुठी झाली? नाई झाली.”

“मंग नुसत्या सहीनं काई होत नाई. या जंगलाचा हक्क गावाच्या नावानं आहे. गावाच्या सभेनं हो म्हटल्याबिगर कुदळ लावता येत नाई.”

हे मला ठाऊक होतं, कारण इतकी वर्षं मी याच कायद्यातल्या फटी शोधून देत होतो, साहेबांसाठी. पहिल्यांदा त्याच माहितीचा उपयोग दुसऱ्या बाजूने केला. रात्री घरी जाऊन अर्ज लिहिला. दोन दिवसांनी मोहाच्या झाडाखाली सभा भरली. बाया जास्त होत्या. सुरुवातीला काही जण माझ्याकडे संशयाने बघत होते, आणि ते बरोबरच होतं. एक माणूस म्हणाला, “मजुरी तं मिळून राह्यली होती.” जानोबाई उठली.

“मजुरी चार दिवस मिळन. मंग छपराले गवत कुठून आणशीन? सागाचं पान घालशीन का घरावर? आन बाई वीस सालं इथी येत होती, एक तरी झाड लावलं का तिनं? नाई लावलं. काऊन नाई लावलं, विचार करा.”

बस, एवढंच. ठराव झाला. मी लिहून काढला, अंगठे आणि सह्या झाल्या. मी आणि जानोबाई तो घेऊन आलापल्लीच्या कार्यालयात गेलो. नवे साहेब तरुण आहेत. कागद दोनदा वाचला, मला बसायला सांगितलं, आणि कुणाला तरी फोन करून यंत्र थांबवलं. जाताना म्हणाले, “काका, तुमचं ते जुनं पत्र फाईलमध्ये आहे. कुरणवालं.” उत्तर द्यायला खात्याला चार वर्षं लागली.

सगळं चांगलं झालं असं समजू नका. ती रोपं आलेली होती, पाहुणे ठरलेले होते, फ्लेक्स छापलेला होता. ती सगळी रोपं तुमच्या कॉलेजच्या मैदानावर लावली, जिथे पोरी खो-खो खेळायच्या तिथे. आमदारांनी एका रोपाला पाणी घातलं, फोटो निघाले. आता मैदानाला तारेचं कुंपण आहे आणि पोरी रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. आणि फ्लेक्सवर अजून ‘कै.’ आहे.

*

चर मात्र आम्ही बुजवला. कार्यालयातून यंत्र परत यायला पंधरवडा लागला असता, तोवर पाणी निघून गेलं असतं. कोसमटोल्याच्या बाया फावडी आणि घमेली घेऊन आल्या आणि तीन दिवस माती ओढली. मीही ओढली. पाठ अजून धरलेली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी जानोबाई आणि मी बांधावर बसलो होतो. तिने भाकरी सोडली, सोबत अंबाडीची चटणी. मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. साहेबाशी भांडलो नव्हतो, खोटं बोललो, शाल घेतली, हात धरून बाई रडल्या तरी गप्प राहिलो.

ती चावत राहिली. मग म्हणाली, “बाईले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पाण्यात साग येत नाई हे मले माहीत आहे, दादा. शिकलेल्या बाईले माहीत नसन का?”

“मंग मले काऊन नाई बोलल्या?”

“मी म्हटलं होतं तिले. बाई, हा माणूस खोटं बोलून राह्यला. तं म्हणे, बोलू दे. आपण चारचौघांत त्याले चांगला म्हणत राहू. मंग त्याले तसंच राहा लागन.”

बाई, मी तिथून उठलो आणि नाल्यापर्यंत चालत गेलो. मला तुमचा राग आला. इतका की तुम्ही समोर असतात तर मोठ्याने भांडलो असतो. दहा-बारा वर्षं तुम्ही माझ्या खोट्यावर शाल पांघरून मला कामाला लावलंत. मी लाजत होतो आणि तुम्ही बघत होतात. हे काय वागणं झालं? मी एवढा हलका माणूस वाटलो तुम्हाला?

मग वाटलं, होतोच ना. आणि एवढ्या हलक्या माणसावर इतकी वर्षं कुणी मेहनत घेतली असती? माझ्या आईने घेतली नसती. नाल्यापाशी मला रडू आलं. हे खरं रडू होतं, त्यात दुसरं काही नव्हतं.

शेवटची भेट नागपूरच्या दवाखान्यातली. तुमच्या नाकात नळी होती, आणि मी नारळपाणी घेऊन, काय बोलावं या विचारात बसलेला. तुम्ही आजाराचा शब्द काढला नाही. म्हणालात, “भाऊ, फाल्गुनात खालच्या पट्ट्याचा एक भाग जाळून पाहा. अर्धा जाळा, अर्धा राहू द्या. गवत लई दाटलं, कंदाले ऊन भेटत नाई. आधी लोक जाळत होते तवा फुलं जास्त यायची, जानो सांगते.”

“नाई, बाई,” मी म्हणालो. “ते मी नाई करणार. उभी जिंदगी आग विझवली मी. आग अडवाले जाळरेषा मारता मारता हात भाजले. मी काडी लावणार नाई.”

“हट्टी आहा.”

“तुमी कमी आहा का?”

तुम्ही डोळे मिटलेत, थोडं हसल्यासारखं केलंत. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे एक ठाम नकार.

काल कुरणावर गेलो होतो. पट्ट्यात पुन्हा घोटाभर पाणी आहे. यंदा एकही दांडा वर आलेला नाही. खणण्याने आले नाहीत, की नुसतेच या वर्षी झोपून आहेत, हे मला सांगता येत नाही. ते सांगणारं माणूस गेलं. जानोबाई ढोरांमागे होती. लांबूनच ओरडून म्हणाली, “दादा, फाल्गुनात मी इथी आग लावणार आहो. बाईनं मले बी सांगितलं होतं. तुमी येसान का?”

मी पाण्यातून तिच्याकडे चालत गेलो, बाई. मग तिला विचारलं, वारा कुठल्या बाजूने असतो तेव्हा.